ढगांखालचे दिवस : साकोलीचे ऋतू आणि वृद्धांचे मन

वाचकहो, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने आपण निघालात, की भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडावी लागते. पुढे लाखनी लागते आणि नागपूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर साकोली येते. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला हे एक तालुक्याचे गाव दिसते : बसस्थानक, महामार्गावरच्या ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, बियाणे-खतांची दुकाने आणि पलीकडे सेंदूरवाफ्याची वस्ती. पण महामार्ग सोडून दोन किलोमीटर आत शिरा. धानाच्या बांध्या, त्यांच्या धुऱ्यांवरची मोहाची आणि पळसाची झाडे, आणि गावागणिक एखादा तलाव आपल्याला भेटेल. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. यांतील पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदले. मालगुजारी संपल्यावर कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. उत्तरेला पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्याच्या जंगलात जाता येते.

या गावात मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे साधा वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी हेच माझे रोजचे काम. तरीही आज आपल्याशी बोलायचे आहे ते ऋतूबरोबर खचणाऱ्या मनाविषयी, कारण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मला एका सूनबाईंनी दाखवून दिली.

गुरुजींचे तीन श्रावण

ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. वय सत्तरीच्या पुढे. गावातली निम्मी माणसे त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे सारे त्यांना ‘गुरुजी’ म्हणत. एका आषाढाच्या अखेरीस ते मुलाचा हात धरून दवाखान्यात आले. तक्रार अशक्तपणाची. जेवण जात नाही, पाय जड झाले, सकाळी उठवत नाही. मी तपासले, रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडे हिवताप फार, म्हणून रक्त तपासले, तेही स्वच्छ निघाले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणालो, “गुरुजी, वयानुसार होतं थोडं. आराम करा.”

दुसऱ्या वर्षी श्रावणात पुन्हा तेच झाले. घरच्यांनी सलाईनचा आग्रह धरला, तो मी मान्य केला. तिसऱ्या वर्षी सूनबाई एकट्याच आल्या, अंगावर रोवणीचा चिखल तसाच होता. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, दरवर्षी रोवणी लागली की मामाजींचं असंच होते. दसऱ्याले आपोआप बरे होतात. यंदा मात्र त्यांनी आपला रेडिओ नातवाले देऊन टाकला. म्हणे, मले आता काय करायचा आहे?”

त्या गेल्यावर मी जुने कागद काढले. तीन वर्षे, तीन नोंदी, तिन्ही आषाढ-श्रावणातल्या. तिन्हींवर माझ्याच अक्षरात एकच शब्द होता : अशक्तपणा. जे त्या बाईंना चिखलात उभे राहून दिसले, ते मला टेबलामागे बसून दिसले नव्हते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कवेलूचे जुने घर, समोर पडवी, मग माजघर, आणि त्याच्याही आत एक खोली. पावसाची झड आत येते म्हणून त्या आतल्या खोलीत गुरुजींची खाट हलवली होती. खिडकी होती, पण तिच्यावर प्लास्टिकचा कागद ठोकलेला. दुपारचे चार वाजले असतील-नसतील, तरी आत मला त्यांचा चेहरा नीट दिसेना. घरातले सगळे धडधाकट लोक बांधीत होते. सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत त्या अंधारात ते एकटेच पडून असत.

परदेशात सापडलेला आजार

ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले ते १९८४ मध्ये. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांना तिकडच्या हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो आणि वसंतात परत येतो, हे स्वतःवरून जाणवले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रखर प्रकाशाने त्यांना उतार पडतो असेही मांडले. इंग्रजीत या विकाराच्या नावाची आद्याक्षरे जुळून ‘सॅड’, म्हणजे ‘दुःखी’, असा शब्द होतो. आज तो वेगळा आजार मानला जात नाही, तर नैराश्याचाच ऋतुबद्ध प्रकार मानला जातो. सलग किमान दोन वर्षे ठरावीक ऋतूत नैराश्य यावे आणि ऋतू पालटल्यावर ते पूर्ण जावे, ही त्याची खूण आहे.

हिवाळी प्रकारात माणूस जास्त झोपतो, गोड आणि पिठूळ पदार्थांची भूक वाढते, वजन वाढते, हातापायांत शिसे भरल्यासारखे वाटते. उन्हाळी प्रकार कमी आढळतो आणि त्याची लक्षणे उलट असतात : झोप उडते, अन्नावरची वासना जाते, जीव तगमगतो.

हिवाळी प्रकाराचे मूळ प्रकाशात असावे, असे मानले जाते. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचे काम चित्र दाखवण्याचे नसून मेंदूतल्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्याचे असते. सकाळचा उजेड त्या पेशींवर पडला की झोपेचे द्रव्य मेलॅटोनिन ओसरते आणि घड्याळ लागते. उजेड अपुरा पडला की घड्याळ मागे रेंगाळते, आणि ज्यांची प्रकृती तशी आहे त्यांचे मनही त्याबरोबर खचते.

आता आपण विचाराल, की सूर्याच्या देशात हा विकार कशाला? शंका रास्त आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान होतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला तर कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. साकोलीत सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा, म्हणजे फरक अवघा अडीच तासांचा. शिवाय आमचा हिवाळा निरभ्र असतो. धान घरात आलेले असते, हातात पैसा खुळखुळतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते, झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात आणि आजी-आजोबा घोंगड्या पांघरून पहिल्या रांगेत बसलेले असतात. सकाळी अंगणात शेकोटीभोवती घोळका असतो. अशा हिवाळ्यात मन खचलेली माणसे मला क्वचितच भेटतात.

आपला अंधार श्रावणातला

आमच्याकडे ढगांचे दिवस म्हणजे आषाढ ते भाद्रपद. पंचांगाप्रमाणे दिवस मोठेच असतात, पण आभाळ आठवडाभर उघडत नाही. तरीही लक्षात घ्या, की ढगाळ आभाळाखालीसुद्धा उजेड पुष्कळ असतो. उजेड ‘लक्स’ या एककात मोजतात. स्वच्छ उन्हात तो एक लाखापर्यंत जातो. ढगाळ दिवशी उघड्यावर तो काही हजार असतो. आपल्या घरातल्या दिव्याखाली मात्र जेमतेम शंभर ते तीनशे लक्स मिळतो. गुरुजींच्या आतल्या खोलीत तर त्याहूनही कमी असेल. तेव्हा अंधार आभाळातला कमी आणि खोलीतला जास्त असतो.

त्यात म्हाताऱ्या डोळ्यांची भर पडते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि मेंदूच्या घड्याळाला हवा असलेला निळसर प्रकाश आत कमी पोचतो. मोतीबिंदू असेल तर आणखीच कमी. तरुण माणसाला पुरणारा उजेड आजोबांना पुरत नाही, तो असा.

आणि मग एकटेपणा. शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की धानाच्या मुलखात रोवणीचे तीन-चार आठवडे गाव दिवसभर रिकामे असते. पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी साचले, की एक दिवसही दवडता येत नाही. घरी उरतात ती अगदी लहान मुले आणि अगदी थकलेली माणसे. अंगणात शेवाळ धरलेले, पाय घसरेल या भीतीने कोणी बाहेर पडू देत नाही. पारावरची बैठक मोडते. एका आजोबांचे शब्द माझ्या कानात आहेत : “मले काईच कराव वाटत नाई, डाक्टरसायेब. पान्याचा आवाज ऐकत पडून राहतो.”

शास्त्राच्या दृष्टीने इथे एक काटेकोर मुद्दा आहे. दरवर्षी ठरावीक काळात येणारे बाहेरचे कारण, जसे हंगामी बेकारी, जर नैराश्याचा खुलासा करीत असेल, तर त्याला ऋतुबद्ध विकार म्हणत नाहीत. गुरुजींच्या पत्नीही एका श्रावणातच गेल्या होत्या. मग त्यांचे दुःख ढगांचे, मोतीबिंदूचे, रिकाम्या घराचे की त्या आठवणीचे? मला ते वेगवेगळे काढून दाखवता आले नाही, आणि ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे मी त्यांना नेले त्यांनीही कागदावर फक्त ‘नैराश्य’ एवढेच लिहिले. उपचारासाठी तेवढे पुरेसे होते.

आपल्या पूर्वजांनी ऋतूंचा हा परिणाम ओळखला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय ऋतुचर्येचाच आहे आणि वर्षाऋतूत अग्नी मंदावतो, शरीर दुबळे असते, असे तो सांगतो. चातुर्मासातली पोथी, भजन, एकत्र फराळ यांकडेही मी आता थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. ज्या दिवसांत माणूस घरात कोंडला जातो, नेमके त्याच दिवसांत रोज एका ठिकाणी जमण्याचे निमित्त त्यांनी दिले आहे.

मी त्यांना सरळ विचारले

त्या संध्याकाळी मी गुरुजींना दोन प्रश्न विचारले. ते आपणही घरातल्या ज्येष्ठांना विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते का? आणि पूर्वी ज्यात रस वाटे, त्यात आता रस वाटेनासा झाला आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले. मग तिसरा प्रश्न, जो विचारताना मलाही घसा खाकरावा लागला : “गुरुजी, जगणं नको, असं मनात येतं का?”

ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, हे विचारायला तुम्ही तीन वर्षं लावलीत.”

असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती आपण मनातून काढून टाकावी. ती खरी नाही. उलट विचारल्याने ओझे हलके होते आणि धोका वेळेत कळतो. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा, ‘मी कोणाच्या उपयोगाचा राहिलो नाही’ हे शब्द, अन्न-पाणी नाकारणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल तर केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. ती २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

काय केले, आणि आपण काय करावे

दुसऱ्याच दिवशी मुलाने गुरुजींची खाट आतल्या खोलीतून पडवीत आणली. झडीच्या बाजूला ताडपत्री लावली आणि आभाळाची बाजू मोकळी ठेवली. यासाठी एक पैसाही लागला नाही. त्यानंतर रक्ताच्या तपासण्या झाल्या. वृद्धांमध्ये थायरॉइडची मंदी, रक्तक्षय आणि जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव ही हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकतात. काही औषधेही मन आणि शरीर मंद करतात. हे पाहिल्याशिवाय मनाच्या आजाराचे लेबल लावू नये. तज्ज्ञांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि पावसाळा ओसरल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली.

घरात ज्येष्ठ असलेल्या प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

१. सकाळचा उजेड. उठल्यानंतर तासाभरात अर्धा ते एक तास उघड्यावर किंवा पडवीत, आभाळ दिसेल असे बसावे. ढगाळ असले तरी बसावे. सूर्याकडे रोखून पाहू नये. बाहेर जाणे अशक्य असेल तर खाट खिडकीला लागून ठेवावी. खिडकीपासून चार हात आत गेले, की उजेड झपाट्याने कमी होतो.

२. माणसांचा सहवास. शेतीच्या घाईत शेजारच्या तीन-चार घरांतील ज्येष्ठांना एकाच पडवीत बसवता येते. सोबतीला शाळेतून आलेला नातू असला तरी चालतो. त्यांच्याकडे छोटे काम द्यावे : लसूण सोलणे, शेंगा निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे.

३. चालणे. अंगणातले शेवाळ खरवडून काढावे, निसरड्या जागी पोते किंवा फरशी टाकावी, हातात काठी द्यावी. घसरण्याच्या भीतीने तीन महिने झोपून काढणे हे पडण्याइतकेच घातक आहे.

४. झोपेची वेळ. दिवसा लांब झोप टाळावी, रात्री ठरावीक वेळी झोपावे आणि सकाळी ठरावीक वेळी उठावे.

५. नोंद. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वाईट दिवशी एक खूण करावी. दोन वर्षांच्या दिनदर्शिका शेजारी ठेवल्या तर जे मला तीन वर्षांत दिसले नाही, ते आपल्या डॉक्टरांना एका मिनिटात दिसेल.

६. औषध. नैराश्यावरच्या गोळीचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, वृद्धांना कधी थोडे अधिक. आभाळ उघडले, मन बरे झाले, म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. काही ज्येष्ठांमध्ये या गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम घटते. गुंगी, तोल जाणे, गोंधळलेपणा दिसला तर लगेच कळवावे.

‘ड’ जीवनसत्त्वाविषयी एक खुलासा करतो, कारण या नावाने इंजेक्शने फार मागितली जातात. त्याची उणीव वृद्धांत सर्रास असते आणि हाडांसाठी ती भरून काढायलाच हवी. पण ते जीवनसत्त्व त्वचेवर पडणाऱ्या उन्हापासून बनते, तर मनाचे घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते. काचेआडून ऊन घेतले तर पहिले काम होत नाही, दुसरे मात्र होते. उजेडाची जागा इंजेक्शन घेऊ शकत नाही.

मुलांकडे परदेशी जाताना

आता साकोलीसारख्या गावातूनही मुले कॅनडा, इंग्लंड, जर्मनीला पोचली आहेत. आई-वडील बहुधा शेतीची कामे आटोपल्यावर, म्हणजे नेमके नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे जातात. टोरांटोला त्या काळात दिवस जेमतेम नऊ-दहा तासांचा असतो. मुलगा-सून अंधारात कामावर जातात आणि अंधारात परततात. भाषा परकी, रस्त्यावर बर्फ. तिकडून एका आईंचा मला फोन आला होता : “डॉक्टरसाहेब, इथे सगळं आहे, पण मला नुसतं रडू येतं.” त्यांनी मुलाला सांगितले नव्हते, त्याला वाईट वाटेल म्हणून.

शक्य असेल तर हा प्रवास मे ते सप्टेंबर या काळात करावा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि म्हाताऱ्या माणसांना दिवसभर कूलरसमोर कोंडून राहावे लागते. तो काळ तिकडच्या उजेडात घालवणे दोन्ही अर्थांनी हितावह ठरते. हिवाळ्यातच जावे लागले तर दुपारी थोडा वेळ बाहेर पडावे. तिकडे प्रखर उजेडाचे दिवे मिळतात. १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी वीस ते तीस मिनिटे बसतात, दिव्याकडे टक लावून पाहत नाहीत. मात्र डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा काचबिंदू असेल, किंवा पूर्वी कधी अतिउत्साहाचे, उन्मादाचे झटके आले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो दिवा वापरू नये.

तलावाच्या पाळीवर

गुरुजी एकदम बरे झाले असे सांगितले, तर ते खोटे होईल. पुढच्या आषाढातही ते गप्प झाले. पण त्या वर्षी सूनबाईंनी रोवणीच्या आधीच, ज्येष्ठातच मला गाठले होते. खाट पडवीत होती, गोळी सुरू होती, डोळे नवे होते, आणि शेजारचे एक निवृत्त पोस्टमन रोज सकाळी छत्री घेऊन त्यांना बोलवायला येत. दोघे तलावाच्या पाळीपर्यंत जात आणि परत येत. गुरुजी मला म्हणाले, “जायची इच्छा होत नाही, डॉक्टर. पण तो दारात उभा राहतो, मग जावंच लागतं.”

यंदा श्रावणात एका सकाळी मी घरभेटीला निघालो असताना दोघे मला पाळीवर दिसले. पाऊस नुकताच थांबला होता, आभाळ राखाडी होते आणि बांध्यांतले धान हिरवेगार. गुरुजींच्या खांद्याला रेडिओ अडकवलेला होता. नातवाकडून तो त्यांनी परत घेतला होता. मी गाडी थांबवली, तर त्यांनीच मला विचारले, “डॉक्टर, तुम्ही चालता की नाही?”

वाचकहो, आपल्या घरातल्या आजी-आजोबांची खाट आज कुठे आहे, हे हा लेख संपल्यावर एकदा जाऊन पाहा. खोली अंधारी असेल तर आजच ती हलवा, आणि उद्या सकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा.